ओकच्या झाडाखालची अळंबी

"डोळे पिवळे कधीपासून दिसतायत?" डॉक्टरांनी ह्यांच्या पापण्या खाली ओढत मला विचारलं. सोमवारची सकाळ होती. मग म्हणाले, "गेल्या चार दिवसांत रानातलं काही खाल्लं?"

"हो, अळंबी. मीच आणली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मशरूम पॉयझनिंग," ते म्हणाले. म्हणजे अळंबीची विषबाधा. ह्यांचं लिव्हर निकामी होत चाललं होतं.

मी मूळची कुडाळची. पावसाळ्यात वारुळाजवळची अळंबी खुडतच मोठी झाले. इथे परदेशात, सांता क्लारात, पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या शुक्रवारी पार्कमध्ये ओकच्या झाडाखाली हिरवट झाक असलेली पांढरी अळंबी दिसली आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. विचारायचं कुणाला? त्यातली जाणकार मीच! आई करायची तसा शिजताना देवातला चांदीचा चमचा घालून पाहिला. काळा पडला नाही, म्हणजे निर्धोक. ओलं खोबरं घालून सुकं केलं. मला संकष्टी होती, म्हणून सगळं ह्यांनाच वाढलं. हे बोटं चाटत जेवले.

शनिवारी सकाळी उलट्या, जुलाब, पोटात पीळ. मला वाटलं, फ्लू असेल. रविवारी सगळं थांबलं. तरी मी इमर्जन्सीत जाऊ म्हणत होते, तर हे म्हणाले, "अगं, आय ॲम फाइन. उगाच टेन्शन घेऊ नकोस. चहा कर."

मीही सुखावले आणि चहा केला. डॉक्टर नंतर म्हणाले, हाच दिवस फसवा. माणूस वरून बरा दिसतो, आत विषाचं काम चालूच असतं. तो दिवस आम्ही हातचा घालवला, हे अजून सलतं.

फ्रिजमध्ये दोन कच्ची अळंबी उरली होती. हॉस्पिटलनं बोलावलेल्या तज्ज्ञ बाईंनी ती उलटसुलट करून विचारलं, "बूड कुठाय?" मी देठ वरूनच कापले होते. त्या मला घेऊन पार्कमध्ये गेल्या आणि सुरीनं माती उकरून एक अख्खं अळंबं काढलं. बुडाशी पांढरी पिशवी होती. "डेथ कॅप," त्या म्हणाल्या. त्यातलं विष शिजवून जात नाही आणि चांदीला कळत नाही.

आयसीयूत सलाइन, पेनिसिलिनचे मोठे डोस. रोज प्रोथ्रॉम्बिन टाइम बघायचे, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ. तो वाढतच होता. "आता वाट पाहायची," एवढंच डॉक्टर म्हणत. बुधवारी हे मला ओळखेनात. नवऱ्याला मी माझ्या हातानं विष वाढलं, यापलीकडे डोक्यात काही येत नव्हतं. देवाला सोडून मी त्या लिव्हरचीच विनवणी करत बसले.

शुक्रवारी तो वेळ पहिल्यांदा कमी झाला. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

ज्यांना माझ्यासारखी हौस आहे त्यांना सांगते, गावचं ज्ञान गावच्या मातीपुरतं. रानातली अळंबी खाऊन पोट बिघडलं, तर बरं वाटलं तरी थांबू नका. उरलेली अळंबी घेऊन तडक हॉस्पिटल गाठा. त्या डॉक्टरांचे आणि त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

हे घरी आले त्या दिवशी मी मऊभात केला. ताट समोर ठेवलं आणि माझा हात ताटावरून निघेना. आधी मीच एक घास खाल्ला. थोडी थांबले. दुसरा घ्यायला गेले, तर ह्यांनी ताट आपल्याकडे ओढलं.

"अगं, मला भूक लागलीय," म्हणाले आणि खाली मान घालून जेवायला लागले.

मी समोर बसून हमसून हमसून रडले. ह्यांनी ताटात एक शीतही ठेवलं नाही.