पाथरीच्या स्वामीकाकांचं वायरलेस

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साचतात. माझ्या माळ्यावर जुन्या वायरी साचल्यात, तसेच. बायको म्हणते, टाकून द्या. मी एकेक हातात घेतो आणि म्हणतो, ही राहू दे, लागेल. परवा मित्र चहाला आले, वायरलेसचा विषय निघाला आणि चहा दोनदा करावा लागला.

आमचं टोळकं हौशी वायरलेसवाल्यांचं. म्हणजे परीक्षा देऊन, सरकारचं लायसन काढून, घरातल्या बिनतारी सेटवरून दुसऱ्या अशाच येड्यांशी गप्पा मारणारे. मी परभणीत कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. सय्यदभाईचं परभणीतच रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. बाळासाहेब पेडगावचा, कापूस-ज्वारीवाला. आणि आम्हा तिघांना या नादाला लावणारे पाथरीचे स्वामीकाका. फौजेत वायरलेसवर नोकरी करून रिटायर झालेले, कपाळाला भस्म, आवाज असा की सेट बंद असला तरी पोचावा.

*

लायसनच्या आधी पोलीस चौकशी असते. सय्यदभाईच्या दुकानावर एरियल उभी राहिली आणि हवालदारसाहेब आले.

"ह्याच्यावरून कुणाशी बोलता?"

"जो मिलेगा उससे."

"काय बोलता?"

"पूछता हूं, आवाज आता क्या."

"मग तो काय म्हणतो?"

"बोलता, आता."

"मग?"

"मग बंद करतो."

हवालदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "एवढ्यासाठी लायसन लागतंय व्हय? आमची मंडळी हे रोज गच्चीवरून शेजारणीसंग करती. बिनालायसन!"

शेरा मात्र त्यांनी चांगला दिला. भला माणूस.

*

परीक्षेला मोर्स यावं लागायचं. टिंब आणि रेघ, आखूड आवाज आणि लांब आवाज, त्यातून अक्षरं ओळखायची. बाळासाहेबाची तक्रार, शेतीतून वेळच मिळत नाही.

काका म्हणाले, "वेळ कशाला पाहिजे? औत हाकताना तोंड रिकामंच असतंय की."

झालं! बाळासाहेब औतामागे चालता चालता जिभेने टक् टक् करत अख्खी एबीसीडी घोकू लागला. बैलांना तर जिभेच्या टकटकीवरच चालायची सवय. आता चालायचं, थांबायचं की वळायचं, त्यांना काही कळेना. जमिनीत ओढलेले सगळे तास नागमोडी गेले. त्याचे वडील, तात्या, बांधावरून बघत होते.

"काय करायलाय रं?"

"अभ्यास करायलोय, तात्या."

"तुझा का बैलाचा?"

बाळासाहेब पहिल्या झटक्यात पास झाला. तात्या गावभर सांगत सुटले, पोरगं पास निघालं, बैल राहिले.

*

आम्ही तिघं पास झालो तेव्हा पेढे घेऊन पाथरीला गेलो. काकांनी आम्हाला सर्किट जोडायला शिकवलं, मोर्स शिकवलं, दुसरा बोलत असताना गप्प कसं बसायचं तेही शिकवलं. त्या बदल्यात कधी काही घेतलं नाही. मी म्हटलं, "काका, गुरुदक्षिणा सांगा."

"पुढच्याला शिकवा," काका म्हणाले. "आणि तो चुकला तर माझं नाव सांगू नका."

मी आयुष्यात बऱ्याच शाळा-कॉलेजांची पायरी चढलो, पण शिकवण्याचा असा आनंद असलेला माणूस दुसरा पाहिला नाही. मी वर्गात जे धड शिकवलं ते त्यांच्यामुळे. वाईट शिकवलं ते माझं मी.

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातले बंद ज्यांनी मराठवाड्यात काढले त्यांना वेगळं सांगायला नको. एसटी बंद, जीपा बंद, फोन लागला तर लागला. घराघरात काळजी. लोक आमच्याकडे येत, अमक्या गावची खबर काढून द्या म्हणत. आणि आमचा नियम असा की तिसऱ्या माणसाचे निरोप पोचवायचे नाहीत. काका नियमाचे पक्के. त्यांनीच तोड काढली. "निरोप द्यायचा न्हाई. पण हवापाण्यावर बोलायला कुणाची मनाई हाय?"

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची लेक बाळंतपणाला माहेरी यायची होती, ती अशाच एका बंदमध्ये वालूरला सासरीच अडकली. शेठ माझ्या सेटसमोर बसून होते, तोंडात पाणी घेतलं नव्हतं. काकांनी पाथरीहून वालूरला सायकलवर माणूस धाडला. तो परत आल्यावर मी सेटवर विचारलं, "काका, वालूरकडचं हवामान काय म्हणतंय?"

"वालूरकडं सकाळी मुलगी झाली. आईकडं आभाळ एकदम स्वच्छ. ओव्हर."

शेठनी डोळे पुसले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पाऊस किती झाला, विचारा ना."

मी विचारलं.

"साडेसहा पौंड. ओव्हर."

*

नामांतर झालं त्याच वर्षी काकांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सगळं कळतं, फक्त बाहेर काढता येत नाही. ज्याने आम्हाला बोलायला शिकवलं त्याचीच ही गत. आम्हाला बघवत नव्हतं.

डाव्या हातात पाटी-पेन्सिल दिली. हाताला कंप, रेघ पाटीबाहेर जायची. मोर्सची किल्ली दिली, तर एका टिंबाची दहा टिंबं व्हायची. मग बाळासाहेबाने बालवाडीतला अक्षरांचा तक्ता आणला आणि म्हणाला, "काका, ह्याच्यावर नुसतं बोट ठिवा."

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तक्त्याची घडी घालून खिशात टाकली. "आमच्या पोरासाठी घेतला हुता," म्हणाला.

तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं.

आम्ही हसलो, पण निघताना काकांच्या पत्नीने मला दारात थांबवलं. सगळी पाथरी त्यांना अक्का म्हणते. "सर, ते जेवंनात," अक्का म्हणाल्या. "मी भरवायला बसते. दोन घास झाले की ताट ढकलतेत, बाजूला हात आपटतेत आन् माझ्याकडं बघत ऱ्हातेत. तिखट कमी केलं. मीठ कमी-जास्त केलं. भाकर सोडून भात केला. काई उपेग न्हाई. माझ्या हातचं नको झालंय त्यांला. नणंदेला बोलवून घेते सैपाकाला, मी बाजूला होते."

काका दिवसेंदिवस वाळत चालले होते. त्यांना काय पाहिजे ते त्यांच्याकडूनच कळायला हवं होतं, आणि लवकर.

*

कॉम्प्युटरची कल्पना माझी. कीबोर्डवर बोट कितीही थरथरलं तरी अक्षर उमटतं ते सरळच. शिवाय तक्त्याला नाही म्हणणारे काका वायरलेसला नाही म्हणणार नाहीत, याची मला खात्री होती. दोन कॉम्प्युटर वायरलेसने जोडता येतात हे मी वाचलं होतं. बंगळूरला नोकरीला लागलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची नवी प्रणाली धाडली. त्यात वायरलेसची सोय, आणि सगळं फुकट. खोकं उघडलं तर आत फ्लॉप्याच फ्लॉप्या.

सय्यदभाई म्हणाला, "इतना सामान फुकट? कंपनी डुबेगी, सर."

"अरे, कंपनीच नाही."

"फिर तो डुबतीच नै," म्हणाला आणि निवांत झाला.

त्याच्याच दुकानात आम्ही एकामागून एक फ्लॉपी घालत बसलो. टीव्ही न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक काळ्या पडद्यावर पळणारी पांढरी अक्षरं बघत उभं राहिलं. "भाई, चित्र कवा येणार?"

"चित्र नै. याच्यात फक्त पाट्याच."

तो तरी हलेना. बऱ्याच वेळाने निघाला तेव्हा म्हणाला, "पाट्याच एवढ्या, म्हंजे पिक्चर लय मोठा असंल."

पाट्या संपल्या, पण मोडेम लागेना. कॉम्प्युटर आणि सेट यांना जोडणारा हा डबा सय्यदभाईने स्वतः बनवला होता, म्हणून त्याला जास्त लागलं. मी हुकूम टाइप करायचा आणि मशीनने म्हणायचं, असं यंत्र इथे सापडत नाही. मी पुन्हा टाइप केलं. सापडत नाही. शेवटी सय्यदभाईने डबा उचलून पडद्याच्या तोंडासमोर धरला. "ये देख. है ना?"

चूक माझी होती. मोडेम एका खाचेत लावलेला आणि मी मशीनला दुसरीच खाच दाखवत होतो. तिथे माउस होता. बिचारं मशीन माउसला विचारत बसलं होतं, पाथरी लागते का.

*

बोलणं पाथरीला थेट पोचायचं, पण कॉम्प्युटरची जोडणी काही परभणीहून थेट लागेना. मग मध्ये पेडगावला बाळासाहेबाच्या विहिरीवर एरियलचा लोखंडी पाइप उभा केला आणि तिसरा सेट ठेवला. इकडचं ऐकायचं आणि तिकडे द्यायचं, एवढंच त्याचं काम. कॉम्प्युटरचं बोलणं म्हणजे नुसतं खर्र खर्र. समोरून पोच आली नाही की तेच पुन्हा.

तात्या बाजेवर बसून ऐकत होते. "काय म्हणायलंय ते?"

"पोचलं का, म्हणून इचारायलंय," बाळासाहेब म्हणाला. "समोरचा हो म्हणस्तोवर तेच तेच इचारत ऱ्हातंय."

तात्यांनी घराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. "मग ह्याला कशाला आणलं? तुझी माय हाय की."

*

शेवटी सय्यदभाई कॉलेजातून मागून आणलेलं दुसरं मशीन मांडीवर घेऊन जीपने पाथरीला गेला. काकांच्या बाजेला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. थरथरीने एकच अक्षर चारदा उमटू नये अशी सोय आम्ही केली होती. काकांचा जुना बोलायचा सेट उशाशी होताच, तोही चालू ठेवला. मी परभणीत माझ्या मशीनसमोर.

ऐन जेवणाची वेळ. अक्का ताट वाढून काकांजवळ बसल्या होत्या आणि काकांनी ते ढकललं होतं, हे मला सय्यदभाईने सेटवरून सांगितलं. जोडणी लागायची आणि तुटायची. सय्यदभाई वैतागून छतावर, माळवदावर चढला आणि एरियलचा पाइप हातांनी फिरवत फिरवत एका जागी घट्ट धरून उभा राहिला. खाली काका आणि अक्का, दोघंच. अक्कांना रोमन अक्षरं वाचता येत नव्हती.

माझ्या पडद्यावर एक शब्द आला. रोमन अक्षरांत मराठी. अक्काला. मग बराच वेळ काही नाही. मग, सांगा. पुन्हा तेवढाच वेळ. मग, तुझं. मग, ताट. मग, आण.

मी बोलायच्या सेटचा माइक उचलला. "अक्का, मी सर बोलतोय, परभणीहून. काका म्हणतात, तुमचं ताट आणा."

तोवर पडद्यावर आणखी शब्द येत होते, आणि मी जसे आले तसे वाचत गेलो. "एकट्याला. घास. उतरत. नाही."

मग सेटमध्ये खरखर झाली. काकांनी डाव्या हाताने माइकचं बटण दाबलं होतं. बोलता येत नव्हतं, तरी दाबून धरलं होतं. मला त्यांची खोली ऐकू येत होती.

"हे म्हणत हुते व्हय तुमी?" अक्का म्हणाल्या. "इतके दिवस?"

मग मांडणीवरून ताट काढल्याचा आवाज आला. पळीचा आला. बांगड्यांचा आला. काकांनी बटण सोडलंच नाही.

वरून, माळवदावरून, सय्यदभाईची हाक आली. "अक्का, कुछ आया क्या? पाइप छोडू?"

खाली दोघं जेवत होती.