बोटांना न कळलेला बोल्ट

मास्तरांनी शाळेत कधी खडू धरला नव्हता, पण गॅरेजात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. इंजिनाच्या पोटाखालचं ऑइल चेंबर, म्हणजे तेल साठवणारी पत्र्याची परात, त्यांनी बसवली की पुन्हा थेंब गळायचा नाही. बायको गेल्यावर मुलगीही त्यांच्याच हाताखाली तयार झाली.

"जोर लावलास की संपलं," ते तिला उठता-बसता ऐकवत. "तेल अडवणारं मधलं पॅकिंग जास्त दाबलं की फुगतं नि चिरतं. आधी कडा पुसून कोरडी कर, पत्रा वाकलाय का बघ. मग बोल्ट बोटांनी लाव, समोरासमोरचे. आटा नीट धरला की बोटालाच कळतं."

"मग पाना कशाला ठेवलाय?"

"पाठ खाजवायला!"

पुढे साखरेनं त्यांना गाठलं. आधी पायांना मुंग्या आल्या, मग हातांना. चहाचा कप हातून निसटायला लागला, तेव्हा त्यांनी कपालाच नावं ठेवली. गॅरेजात मात्र कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

एका दुपारी जेवून ते जरा लवकरच परतले. सकाळी त्यांनी चेंबर बसवलेली टॅक्सी अजून तिथेच होती आणि खालच्या खड्ड्यातून पान्याचा आवाज येत होता. वाकून बघतात तो काय, मुलीनं त्यांचे सगळे बोल्ट काढले होते! एक तर तिरका घुसून पार खराब झाला होता. नवं पॅकिंग तिच्या मांडीवर.

"हे काय चाललंय?"

ती दचकली. "काही नाही बाबा, जरा बघत होते."

"कधीपासून बघतेयस?"

ती हातातला पाना पुसू लागली.

"पोरी, मी तुला विचारतोय."

"कप पडायला लागले तेव्हापासून," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "तुमचं नाव खराब झालेलं मला बघवलं नसतं, बाबा."

म्हणजे इतके दिवस गिऱ्हाइकं कौतुक करून जात होती, ते हिच्या कामाचं! मास्तरांना रागही येईना. ते खड्ड्यात उतरले, चांगला बोल्ट चिमटीत धरला आणि डोळे मिटून फिरवला. आटा धरला की घसरला, काही म्हणता काही कळेना.

"लागला का गं?"

"नाही बाबा. तिरका जातोय."

त्यांनी बोल्ट तिच्या तळहातावर ठेवला. "तूच लाव."

दुसऱ्या दिवशी ते जुनं पॅकिंग खरवडायला बसले. पत्र्यानं अंगठा कापला, तेही रक्त दिसलं तेव्हा समजलं. मग ते दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. नवी गिऱ्हाइकं त्यांना राखणदार समजून गाडी कुठे लावू म्हणून विचारत. ते हातानं जागा दाखवत. हळूहळू त्यांनी येणंच सोडलं.

आता संध्याकाळी मुलगी घरी येऊन दिवसभराच्या गाड्यांचं सांगते. ते हं हं करतात. परवा तिचं बोलणं अर्ध्यावर असतानाच ते खिडकी लावायला उठले. कडी काही केल्या बोटांत येईना. तिला उठावंसं वाटलं, पण आपण उठलो तर त्यांच्या जिवाला लागेल, म्हणून ती बसून राहिली आणि पुढच्या गाडीचं सांगतच राहिली.