काशम्माची भाकरी आणि डोंगरातला सॉना

श्रीमती काशम्मा, वय अठ्ठावन्न. पद: मुख्य उष्णता परीक्षक, सौर सॉना विभाग, सोलापूर. हे वर्णन कारखान्याचा मालक गुरु याने हिमाचलच्या हॉटेलवाल्यावर छाप पाडायला लिहून ठेवलं होतं. पाहुणा उन्हावर तापणाऱ्या, घाम काढायच्या वीस सॉना-खोल्या घ्यायला आला आणि त्याच्यासमोरच तापमापक बंद पडला. ऑर्डर हातची जाणार म्हणून गुरुचा चेहरा उतरला. काशम्माने आपल्या डब्यातली मऊ भाकरी खोलीत ठेवली.

“थांबा की सायब. आत कोरडी धग असली तर कडक व्हईल.”

तासाभराने भाकरी कडाकड मोडली. पाहुण्याने ती शेंगाचटणीबरोबर संपवली आणि वीसच्या वीस खोल्या मागवल्या. काशम्माला बरं वाटलं.

ती कारखान्यात झाडलोट करते.