रुशानच्या खिडकीपासून परत

माझा धाकटा दीर खुदोयोर विमान चालवतो, आणि डोंगरातल्या आमच्या खोरोग गावात त्याच्याइतक्या शिव्या दुसऱ्या कुणालाच बसत नसतील. काही माझ्याही असतात. मी त्या तोंडाने देत नाही, जमातखान्यात प्रार्थनेला जाणारं तोंड आहे; पण मनाला कुलूप कुठून आणू?

राजधानीहून, दुशांबेहून, इकडे यायला रस्ता आहे, पण तो माणसाचं पीठ करतो. म्हणून सगळ्यांना विमान हवं असतं. सतरा खुर्च्यांचं ते छोटंसं विमान डोंगरांच्या वरून जाऊच शकत नाही, डोंगर त्याच्यापेक्षा उंच. ते नदीच्या घळीतून, दोन कड्यांच्या मधून येतं. घळ सगळ्यात अरुंद होते त्या जागेला सगळे रुशानची खिडकी म्हणतात. खिडकी उघडी असली तर विमान येतं. बंद असली तर लोक दुशांबेच्या विमानतळावर गाठोड्यांवर झोपतात, आणि उठल्यावर आधी वैमानिकाचा उद्धार करतात, मग तोंड धुतात.

खुदोयोर दुशांबेत राहतो. उजाडायच्या आत उठतो आणि पहिला फोन विमानतळाला नाही, तर रुशान गावातल्या सावरीमावशीला करतो. ती त्या वेळी गाईची धार काढायला गोठ्यात असते.

"मावशी, दात दिसतोय का?"

दात म्हणजे खिडकीवरचं टोकदार शिखर. मावशी म्हणते, दिसतोय. किंवा म्हणते, तुझ्या दाताला आज कापूस लावलाय, झोप जा. मग हा दाढी करतो, पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री करतो, सेंट मारतो, काळा चष्मा लावतो. विमानतळावर डॉक्टर त्याची नाडी बघतात, श्वास हुंगतात. मग माणसं आणि सामान वजनावर चढतं आणि याची जीभ सुटते. कुणाचं बटाट्याचं पोतं उतरव, कुणाचा टीव्ही. एकदा एका नवरीची शिवणयंत्राची पेटी याने उतरवली, ती रडली, तर म्हणाला, "तुला उतरवू की पेटीला? एकीलाच नेतो." कुणी विचारलं, "कॅप्टन, आज हवामान काय म्हणतंय?" तर म्हणतो, "त्यालाच विचारा, मी त्याचा जावई नाही." असा माणूस. आमच्या दारापुढून जाणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा हा सलामाचं 'या अली मदद' चष्मा न काढता म्हणतो.

शेजारची मिर्झोनाबोत मला नेहमी ऐकवायची, "तुझा दीर पायलट नाही गं, बसचा ड्रायव्हर आहे. तोही शेवटच्या थांब्यापर्यंत न जाणारा." कारण खुदोयोर सगळ्यांत जास्त वेळा परत फिरतो. जोनबख्श नावाचा दुसरा तरुण कॅप्टन आहे, तो कमी फिरतो. लोक दुशांबेत आधी विचारून घेतात, आज कोण? जोनबख्श असला तर बायका मौलाचे आभार मानतात. खुदोयोर असला तर भाकरी पुन्हा फडक्यात बांधून ठेवतात.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं होतं, तोवर मीही नेत होते.

सासूबाई हिवाळ्यापासून अंथरुणाला होत्या. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्यातच सगळं आलं. त्यांचं मागणं एकच होतं, थोरल्याला बघायचं. थोरला म्हणजे माझा नवरा, इमोमदोद. तीन वर्षं मॉस्कोत फरश्या बसवत होता. मुकादमाने सुट्टी दिली आणि तो दुशांबेत उतरला. दुसऱ्या दिवशीच्या विमानात धाकट्याने त्याला पहिल्या रांगेत बसवलं. घरात आम्ही म्हणालो, चला, भावाचं विमान आहे, आता काय चिंता.

त्या सकाळी मी सासूबाईंचे हात-तोंड पुसले, दूध-लोण्याचा खारट चहा चमच्याने पाजला. दोन चमचे गेले. विमानतळावरून फोन आला, निघालं. तासाच्या आत यायला हवं होतं. घराच्या छताचा झरोका मी पूर्ण उघडला, आवाज त्यांच्या कानावर पडावा म्हणून. झरोक्यातून आभाळ दिसत होतं, धुतल्यासारखं निळं. ढगाची एक चिंधी नव्हती. मी जपमाळ घेऊन बसले.

"आलं का?" सासूबाई म्हणाल्या.

"येतंय, आई."

"चालवतोय कोण?"

"खुदोयोर."

"मग येईल," त्या म्हणाल्या आणि श्वास घेत राहिल्या.

जपमाळ दोनदा फिरली, तिसऱ्यांदा फिरली. विमानतळावरच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. एकच शब्द बोलला, "फिरलं."

मी झरोक्याकडे पाहिलं. तेच निळं आभाळ. मला वाटलं, ओरडावं. सासूबाईंना मी म्हणाले, वारा आहे, उशीर होतोय.

नंतर बऱ्याच वेळाने घळीतून आवाज आला. विमानाचाच. सासूबाईंचा चेहरा हलला. "आले," त्या म्हणाल्या. ते जोनबख्शचं विमान होतं, मागून सुटलेलं. त्यात इमोमदोद नव्हता, हे मला फोनवर कळलेलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. त्या दाराकडे तोंड करून पडून राहिल्या. दुपारच्या आधी गेल्या, दाराकडेच तोंड.

आता इमोमदोदने मला जे सांगितलं ते लिहिते.

विमान घळीत शिरलं तेव्हा खिडक्यांतून ऊन आत येत होतं. पंखांच्या दोन्ही बाजूंना कडे, कड्यांवर बर्फ, आणि समोर ऊन. माणसं मोबाइलवर फोटो काढत होती. अचानक विमान एका अंगावर पडलं, कडा खिडकीत उभा राहिला, बायका किंचाळल्या. सरळ झालं तेव्हा सूर्य दुसऱ्या बाजूला होता.

टीव्ही मांडीवर घेऊन बसलेला एक माणूस ओरडला, "अरे ए, कुठे चाललास? खोरोग मागे राहिलं!"

इमोमदोद उठून पुढे गेला. वैमानिकाच्या जागेला दार नाही, पडदा आहे. त्याने तो बाजूला केला.

"खुदोयोर, आई वाट बघतेय."

"पट्टा बांध."

"ऐकू आलं का तुला? आई."

"अका, पट्टा बांधा, नाहीतर खाली उतरल्यावर पोलिसांत देईन."

मान वळवली नाही, म्हणे. थोरल्या भावाला अका म्हणताना मान वळवली नाही.

दुशांबेत उतरल्यावर लोकांनी त्याला घेरलं. एक म्हातारी त्याच्या बुटांवर थुंकली. इमोमदोदने त्याची कॉलर धरली. खुदोयोर म्हणाला, "त्या वळणाच्या पुढे विमान फिरवायला जागा नाही. फिरायचं की नाही, ते वळण घ्यायच्या आधी ठरवावं लागतं."

"पुढे ऊन होतं! मी डोळ्यांनी बघितलं."

"वळणापर्यंत ऊन होतं. दात दिसत नव्हता."

"ढग दिसला का तुला? एक तरी ढग?"

"दात दिसत नव्हता," तो पुन्हा तेच म्हणाला आणि कॉलर सोडवून घेतली. वर शर्टाची गुंडी तुटली म्हणून चिडला.

तासाभराने जोनबख्श निघाला. इमोमदोद त्या विमानाच्या शिडीपर्यंत धावला, पण सतराच्या सतरा खुर्च्या भरल्या होत्या, त्यांच्यात कुणाचं लग्न, कुणाचं मूल आजारी. कोण उठणार? ते विमान आलं, उतरलं, ते मी तुम्हाला सांगितलंच. इमोमदोद जीपने निघाला. सगळा दिवस आणि सगळी रात्र. घरी आला तेव्हा आम्ही आईला धुऊन पांढऱ्यात गुंडाळलं होतं, कबर खणून झाली होती, फक्त त्याच्यासाठी थांबलो होतो. त्याने कापड बाजूला करून तोंड पाहिलं. मग बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. मी त्याला तीन वर्षांनी बघत होते.

खुदोयोर तिसऱ्या दिवशी आला. माती द्यायला नाही आला. फेऱ्या ठरलेल्या आहेत, माझ्या जागी दुसरा माणूस मोकळा नाही, असं फोनवर म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याची खोरोगची फेरी होती. उतरल्यावर तासात परत जायचं असतं, पण दुपारचा वारा सुटला आणि विमान इथेच अडकलं. म्हणून आईच्या दिव्याला तो आला. वाऱ्याने आणला, स्वतःहून नाही, असं मिर्झोनाबोत चुलीपाशी म्हणाली आणि मी तिला गप्प केलं नाही.

आमच्यात तिसऱ्या संध्याकाळी दिवा लावतात. खलिफा, म्हणजे आमचे विधी करणारे, येतात, पोथी वाचतात, कापसाची वात वळतात. मेंढा कापतात, गव्हात घालून मोठ्या पातेल्यात शिजत ठेवतात. रबाब वाजतो, मद्दोह म्हणजे देवाची गाणी गातात. तो उजेड गेलेल्याच्या वाटेसाठी असतो. घरातल्या सगळ्यांनी तिथे बसायचं, जागायचं.

खुदोयोर गणवेशातच दारात उभा राहिला. चष्मा काढलेला होता. इमोमदोद दिव्याच्या जागेपाशी बसला होता, तो उठला.

"तू इथे बसायचं नाहीस."

"माझी पण आई आहे."

"तिच्यापर्यंत येता येत होतं तेव्हा फिरलास. आता कुठे येतोस?"

खुदोयोर म्हणाला, "अका, मी वर्षातून कितीदा फिरतो ठाऊक आहे? दरवेळी कुणाची तरी आई असते. या वेळी तुझी होती, म्हणून तुला लागलं."

हे बोलायचं बोलणं होतं का? आईच्या दिव्यापुढे? माझ्या हातातला पळा मी पातेल्यात सोडून दिला.

खलिफा शोहकलंदर म्हणाले, "बसा, दोघंही बसा. दिव्याला भांडणाची भूक नसते." बसले. मध्ये खलिफांनी आपली उशी ठेवली. वात पेटली. मी सासूबाईंसाठी मागितलं, मुलांसाठी मागितलं. खुदोयोरसाठी मागायला ओठ उघडले आणि नुसतेच मिटले.

गहू अर्धेच शिजले होते, पहिलं मद्दोह संपत होतं. खुदोयोर उठला.

"कुठे?" इमोमदोद म्हणाला.

"सकाळी विमान आहे. झोपावं लागेल. झोप नसली तर डॉक्टर उतरवतात."

"आईचा दिवा सोडून झोपणार?"

"हो," तो म्हणाला. एवढंच. माझ्याकडे वळून, "यांगा, मागच्या खोलीत अंथरूण घालता का?" वहिनीला आमच्यात यांगा म्हणतात.

मी घातलं. पाहुण्याला नाही म्हणत नाही मी. पण उशी आपटली, ती त्याला ऐकू गेली असेल. भिंतीपलीकडे त्याच्या आईसाठी रबाब वाजत होता आणि तो झोपला. खरंच झोपला, मी श्वास ऐकला. त्या दिवसापासून गावात जे जे त्याच्याविरुद्ध बोलतात, त्यांना मी हे सांगते, आणि ते म्हणतात, बघा.

सकाळी तो निघायच्या आधी इमोमदोद निघाला, जीपने. मुकादम सुट्टी वाढवेना. मी म्हटलं, "अहो, विमानाने गेलात तर आणखी अर्धा दिवस मुलांजवळ राहता."

"त्याच्या विमानात मी मेलो तरी बसणार नाही."

तीन वर्षांनी आलेला नवरा, आणि धाकट्याच्या रागापायी अर्धा दिवस तोही गेला. ते मी खुदोयोरच्याच खात्यावर मांडते.

आणि विमानतळाच्या कुंपणापाशी कोण कोण उभं होतं? ज्यांनी काल आमच्या घरी गव्हाची वाटी हातात घेऊन त्याला नावं ठेवली, तेच सगळे. मिर्झोनाबोतची बहीण तर त्याला म्हणत होती, "खुदोयोर बाळा, एक जागा कर की, मी हलकी आहे." तो म्हणाला, "हलक्या आहात, पिशव्या नाहीत." तिला घेतलं, पिशव्या उतरवल्या. आकाश निळं होतं. विमान नदीवरून खाली गेलं, आवाज विरला. मी भांडी घासायला बसले. पातेल्याच्या बुडाला गहू करपले होते.

भांडी अजून आटोपली नव्हती तोच आवाज पुन्हा आला. परत येत होतं.

तेवढ्यात इमोमदोदचा फोन. रुशानच्या पुढे घळीच्या तोंडाशी दरड पडली होती, जीप थांबली होती, तो रस्त्यावर उभा होता.

"फिरला," तो म्हणाला. "माझ्या डोक्यावरून आला आणि फिरला. पुन्हा."

"इथे तर ऊन आहे."

"माझ्यावर पण ऊन आहे."

"मग?"

फोनमधून नदीचा आवाज येत होता, कुणीतरी जीपचं दार आपटलं.

"वळणाच्या पलीकडे घळ भरलीय," तो म्हणाला. "मी चालत पुढे जाऊन बघितलं. कापूस कोंबल्यासारखी. कडा दिसत नाही, नदी दिसत नाही. वरून त्याला ते दिसणं शक्यच नाही, आणि तो बरोबर अलीकडून फिरला."

मी हात पुसले. म्हटलं, "मग त्या दिवशीही असंच असेल."

"असेल," तो म्हणाला. "किंवा नसेल. त्या दिवशी खाली रस्त्यावर मी नव्हतो. कोण होतं? कोण सांगणार मला?"

"तो सांगतोय ना."

"तो," इमोमदोद म्हणाला. मग म्हणाला, "रस्ता मोकळा करतायत. ठेवतो."

विमान खाली उतरलं. कुंपणाकडून लोकांचा आरडाओरडा आमच्या अंगणापर्यंत येत होता, मिर्झोनाबोतच्या बहिणीचा आवाज सगळ्यांच्या वर. खुदोयोरला कुणीतरी सांगायला हवं होतं, की तुझ्या भावाने खालून बघितलं. मी पातेलं पालथं घातलं आणि करपलेले गहू कोंबड्यांना टाकले. मी गेले नाही.