भट्टीचं दार

काकांनी अडतीस वर्षं कॉफी भाजली, पण कॉफीचं झाड कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बाजारातल्या एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावरच्या लांबट खोलीत त्यांची भट्टी होती. पोत्यांतून हिरवट दाणे यायचे, पुड्यांतून तपकिरी पूड जायची. दाणे नेमके कुठून येतात हा प्रश्न पोत्यावरच्या शिक्क्यापाशीच संपायचा. नुसत्या वासावरून दाणा किती भाजला ते सांगायचे म्हणून बरोबरचे लोक त्यांना ‘नाकवाले’ म्हणायचे. घरी मात्र या नाकाचं कौतुक नव्हतं. काकू म्हणायच्या, “भाजी करपलेली तेवढी कळते, मीठ कमी पडलेलं आजवर कळलं नाही.”

ते निवृत्त झाले आणि लेकीने दोघांच्या हातात सहलीची तिकिटं ठेवली. कॉफीच्या मळ्यात दोन दिवस राहायचं, झाडं बघायची, कारखाना बघायचा, मिनीबसने परत यायचं. काका हरखले. काकूंनी मात्र बसमध्ये बसल्या बसल्या एक अट घातली.

“तिथे कोणाला काही शिकवायचं नाही. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.”

“अगं, मी कशाला शिकवीन?”

“मागच्या सहलीत हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरून डबे कोण हुंगत होतं? आपल्या टेबलावर कॉफी यायला पाऊण तास लागला तो उगाच नाही.”

काकांनी कबूल केलं. आणि सकाळभर शब्द पाळलाही.

मळा दाखवणारी बाई चुणचुणीत होती, डोक्यावर गवती टोपी आणि हातात छोटा कर्णा. चौदा जणांचा घोळका तिच्यामागून उंच झाडांच्या सावलीतल्या पायवाटेने चालला. काकांनी एक लाल फळ तोडून चिमटीत दाबलं. बुळबुळीत गरातून दोन दाणे टुणकन बाहेर आले. ते कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बघत राहिले. “इतकी वर्षं ओळख, आणि घरी आज आलो,” असं काहीतरी ते पुटपुटले. काकूंना बरं वाटलं. पुढे त्या बाईने कर्ण्यातून सांगितलं की कॉफी जितकी काळी भाजावी तितकी तिची तरतरी जास्त. हे साफ चुकीचं होतं. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळे वटारले. काकांनी ओठ घट्ट मिटले.

दुपारी सगळे भाजण्याच्या खोलीत गेले. लाकडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची खोली. आत यायला-जायला एकच दार. मध्ये गॅसवर चालणारी भट्टी: आडवा फिरणारा लोखंडी ड्रम, पुढच्या बाजूला बशीएवढी काच, तिच्याखाली भाजलेले दाणे बाहेर सोडायचं दार, आणि दारापुढे ते गार करायचं उघडं ताट. भट्टीच्या मागून धुराड्याचा नळ निघून छपरातून वर गेलेला. भाजताना दाण्यांची पातळ साल सुटते, तिची फोलपटं गोळा व्हायचं पिंप या नळाच्या बुडाशी होतं. काकांची नजर तिथे अडकली. पिंपाच्या झाकणाच्या कडेने फोलपटं बाहेर डोकावत होती. पिंप गच्च भरलेलं होतं, आणि त्याला खेटून तागाच्या रिकाम्या पोत्यांची चवड रचलेली होती.

एक ठिणगी पुरे, काकांच्या मनात आलं. पण त्यांना वाटलं, यांचं रोजचं काम आहे, यांना कळत असेल.

भट्टीवरची बाई तिशीची, अबोल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पाहुण्यांना दाखवायचं म्हणून तिने निम्मेच दाणे टाकले. ज्योत मात्र पूर्ण घाण्याची ठेवली. काकांनी मनात आकडा मांडला: निम्मा माल, पूर्ण आच, म्हणजे काम फार लवकर उरकणार. थोड्या वेळाने पहिला तडतडाट सुरू झाला, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा मोठा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फोटो सुरू झाले. कोणी त्या बाईला भट्टीजवळ उभं केलं, कोणी तिच्या हातात दाण्यांची परडी दिली, कोणी “जरा हसा ना” म्हणालं. ती मधूनमधून मान वळवून तापमानाच्या काट्याकडे बघत होती. काटा जागचा हलत नव्हता, म्हणून ती निश्चिंत होती.

काकांना नेमकी त्याचीच धास्ती वाटली. ड्रममध्ये दाणे तडतडताहेत आणि काटा हलत नाही, म्हणजे काटाच बिघडलाय.

तेवढ्यात दुसरा तडतडाट सुरू झाला. हा आवाज बारीक असतो, वाळक्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखा, आणि तो आला की दाणा जळायला वेळ लागत नाही. गलक्यात तो इतर कोणाला ऐकू आला नाही. पांढरा धूर निळसर झाला. काका पुढे सरकले.

“ताई, दाणे काढा आता.”

कर्णेवाली बाई हसली. “काका, प्रश्न शेवटी हं. सगळ्यांना वेळ मिळेल.”

“प्रश्न नाही हो…”

काकूंनी मागून त्यांची बाही ओढली. “अहो, काय ठरलं होतं?”

आणि काका थांबले. जेमतेम अर्धा मिनिट, पण थांबले. त्या अर्ध्या मिनिटाचा राग त्यांनी पुढे कित्येक दिवस स्वतःवर काढला. कारण पुढच्या क्षणी धूर पिवळा पडला, आणि बशीएवढ्या त्या काचेत लाल काहीतरी लवलवलं.

भट्टीवरच्या बाईनेही ते पाहिलं. तिने हातातली परडी टाकली आणि भट्टीच्या दाराचा दांडा पकडला. कोणीही तेच केलं असतं. दाणे जळताहेत तर बाहेर काढा, इतकं साधं. पण ताटाभोवती चौदा माणसं कोंडाळं करून उभी होती.

काकांनी झेप घेऊन तिचं मनगट धरलं. “उघडू नका! हवा लागली की भडका उडेल. आधी गॅस बंद. पंखा बंद. ड्रम फिरताच राहू दे.”

तिने एकदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेत तिला काय दिसलं कोण जाणे, पण तिने दांडा सोडला आणि गॅसची चावी फिरवली. पंख्याची घरघर थांबली. काकांनी धुराड्याची झडप ओढून बंद केली. उरला तो फक्त ड्रम फिरल्याचा आवाज.

“सगळे बाहेर! ढकलाढकली करू नका!” काका ओरडले. कर्णेवाल्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ती कामाची निघाली. दारात उभी राहून तिने एकेकाला हाताला धरून बाहेर काढलं. मागे पोत्यांच्या चवडीतून धुराची एक रेघ निघाली. काका आणि ती भट्टीवाली पोती ओढू लागले, बाहेर फेकू लागले. तिसरं पोतं एका कडेने धुमसत होतं. ते कोणीतरी काकांच्या हातातून हिसकून घेतलं. बघतात तर काकू.

“तू बाहेर जा!”

“तुम्ही याल तेव्हा मी जाईन,” काकू म्हणाल्या, आणि पोतं पायाखाली तुडवून विझवू लागल्या.

इतक्यात मळ्याचा मॅनेजर धापा टाकत आला. भारदस्त माणूस, हातात आग विझवायचं लाल नळकांडं. “बाजूला व्हा! दार उघडा, मी आत मारतो.”

काका भट्टीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. लोखंडाची धग सदऱ्यातून पाठीला लागत होती. “दार उघडायचं नाही. फोलपटांच्या पिंपावर मारा, पोत्यांवर मारा. इथे नाही.”

“तुम्ही कोण मला सांगणारे? पाहुणे ना तुम्ही?”

“पाहुणाच आहे. पण दार उघडायचं नाही.”

“अहो, अख्खी खोली जाईल!”

“उघडलंत तर जाईल.”

मॅनेजरने त्यांचा दंड धरून ओढलं. काका मूर्ती लहान, पण जागचे हलले नाहीत. मग भट्टीवरची बाई बोलली, पहिल्यांदाच. “साहेब, ते बरोबर सांगतायत. काचेत बघा, ज्योत कमी होतेय.”

मॅनेजरने बघितलं. शिव्या घालत तो पिंपाकडे वळला. पांढऱ्या भुकटीने पिंप, नळ, भिंत सगळं माखून निघालं.

आता करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच सगळ्यात कठीण होतं. ड्रम फिरत होता. आत जळते दाणे गडगडत होते. काका घड्याळाकडे न बघता उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरीच भट्टी होती.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या गल्लीतल्या खोलीत असंच झालं होतं. भट्टीवर दोघं होते, काका आणि बरोबर काम करणारे दादा. दादा चार वर्षांनी मोठे, काकांना हे काम त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी ड्रममध्ये जाळ दिसला. दादा घुटमळले, म्हणाले, “जरा थांबावं का?” आणि काका ओरडले, “उघडा, उघडा लवकर!” दादांनी उघडलं. भडका थेट त्यांच्या तोंडावर आला. जीव वाचला, उजवा डोळा गेला. चौकशीत लिहिलं गेलं की दादांनी घाईत दार उघडलं. काकांनी ते खोडून काढलं नाही. दादांनी भट्टी सोडली, काका राहिले. त्यानंतर त्यांनी आगीबद्दल मिळेल ते वाचलं, दिसेल त्याला विचारलं, आणि दार का उघडायचं नाही ते पाठ करून ठेवलं.

काचेतला लाल रंग विझला. मॅनेजर म्हणाला, “झालं ना?” काका म्हणाले, “अजून नाही.” आणखी वीस मिनिटं त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मग स्वतः बाजूला होऊन दार बोटभर उघडलं, थांबले, आणि पूर्ण उघडलं. ताटात कोळशाचा काळाकुट्ट ढीग पडला. एकही ठिणगी नव्हती.

मॅनेजर खुर्चीत बसला आणि रुमालाने मान पुसत राहिला. आभार मानायचं त्याला सुचलं ते संध्याकाळी.

भट्टीवरची बाई मागच्या पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. काका शेजारी टेकले.

“मी उद्यापासून येत नाही,” ती म्हणाली. “चौदा माणसं उभी होती समोर. मी दांड्याला हात घातला होता.”

“मी तर घालायला लावला होता,” काका म्हणाले. “दुसऱ्याला.” आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. दादा घुटमळले होते ते, आपण काय ओरडलो ते, चौकशीत गप्प बसलो ते. ओळख नसलेल्या माणसाला सांगणं सोपं जातं म्हणा, किंवा पाठीवर अजून धग होती म्हणून म्हणा. बोलून झाल्यावर त्यांनी मान वर केली तर मागे काकू उभ्या. हातात बर्नॉलची ट्यूब.

काकूंनी त्यांना हाताला धरून उठवलं. राहायच्या खोलीत नेऊन त्यांच्या पाठीला मलम लावलं, सदरा बदलायला दिला. जेवताना बोलल्या नाहीत. सकाळी बाकीचे धबधबा बघायला गेले तेव्हाही नाहीत. काका मग भट्टीकडे गेले. ती बाई आली होती. दोघांनी मिळून काट्याची तार सोडवून पाहिली, ती आतून उंदराने कुरतडलेली निघाली. नळ उतरवला, घमेलं भरभरून फोलपटं काढली. “पिंप रोज रिकामं करायचं, पाहुणे असोत नसोत,” काका म्हणाले. तिने भिंतीवर खडूने तसं लिहून टाकलं.

परतीच्या बसमध्ये तासभर गेल्यावर काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “दादांच्या बायकोकडे तीन महिने मी डबा पोचवत होते. तेव्हा तुम्ही मला नुसतं म्हणायचात, बिचाऱ्यांचं नशीब.”

काकांनी मांडीवरची पिशवी उगाच सरळ केली.

“रविवारी त्यांच्याकडे जायचं. मी बरोबर येईन. पण बोलायचं तुम्ही.”

रविवारी गेले. दादा लेकीच्या घरी राहतात, दुसऱ्या मजल्यावर. काकांनी चहाच्या कपाला हातही न लावता सगळं सांगितलं. दादांनी ऐकलं. बराच वेळ ते टेबलावरची जुनी आगपेटी बोटांनी फिरवत राहिले.

“तू ओरडला होतास ते मला आठवतं,” ते शेवटी म्हणाले. “चौकशीत सांगशील असं वाटलं होतं. वर्षभर वाट पाहिली. मग सोडून दिलं.”

“माफ…”

“ते राहू दे. ते इतक्या पटकन होणार नाही.” दादांनी चांगल्या डोळ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “त्या मळ्यात काय केलंस ते सांग. आधी गॅस बंद केलास की पंखा?”

“गॅस.”

“आणि ड्रम?”

“फिरता ठेवला.”

“पुढे?” दादा म्हणाले, आणि खुर्ची ओढून जवळ घेतली.