चौथ्या पानावर नसलेला परिच्छेद

हे मी बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

कतारमध्ये अल थुमामाला स्टेडियमच्या कामावर मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारा, होतो. इंग्रजी बरं म्हणून कंपनीचं मासिकही माझ्याच गळ्यात पडलं होतं. वर्ल्ड कप जवळ येत चालला तसं साहेब म्हणाले, आपल्या जपानी सल्लागारांवर एक लेख कर. पंचाहत्तरी ओलांडलेला हा म्हातारा एके काळी फॉरवर्ड होता. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो बिरकत अल अवामेरच्या लेबर कॅम्पात जाऊन कामगारांशी फुटबॉल खेळायचा. ते त्याला चाचा म्हणत.

चार दुपारी तो माझ्या टेबलाशी बसून बोलला. वडील युद्धातून परत आलेच नाहीत. चिंध्यांच्या चेंडूने अनवाणी खेळून हा मोठा झाला. पुढे कारखान्याच्या संघात लागला. सकाळी लेथ मशीन, दुपारी सराव. देशाकडून थोडे सामने खेळला, मग गुडघा गेला आणि तो इंजिनियर झाला.

"फॉरवर्ड म्हणजे आळशी माणूस," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "दहा जण पळतात, नाव त्याचं होतं. तुझं पोट बघता तू गोलकीपर."

चौथ्या दिवशी मात्र तो हसला नाही. सरावात पाणी प्यायचं नाही, असा तेव्हा तिकडे नियम होता. पाण्याने माणूस ढिला पडतो म्हणे. ऐन उन्हाळ्यात त्याचा जिवलग दोस्त, संघातला विंगर, पाणी प्यायला नळाशी आला. कप्तान हाच. नळासमोर उभं राहून म्हणाला, "अजून दोन फेऱ्या." दोस्त दुसऱ्या फेरीत कोसळला आणि संध्याकाळी गेला. कारखान्याच्या मासिकात छापून आलं की त्याचं हृदय जन्मापासून कमजोर होतं. ते लिहिलं होतं यानेच.

"त्याची बहीण आहे. अजून तेच खरं मानते," तो म्हणाला. "खोटं मासिकात छापलं, तर खरंही मासिकातच छापायला हवं. तिची नात तिला इंग्रजी वाचून दाखवेल."

मी सगळं लिहिलं. आयुष्यात तेवढं चांगलं मी परत काही लिहिलं नाही.

साहेबांनी चौथ्या पानावर बोट ठेवलं. "पानी नहीं मिला, धूप में आदमी मर गया, ये अभी छापेगा? कतर में? मजदूरों की मौत पे पेपरवाले पहले ही पीछे पड़े हैं. दिमाग ठिकाने पे है? यल्ला, काट दे. खलास."

मी तो परिच्छेद काढून टाकला. व्हिसा कंपनीच्या हातात, मुलगी दहावीत. पण ही कारणं मी मागाहून जमवली. त्या वेळी नुसतं "येस सर" म्हणालो.

अंक आला. मोतीबिंदूमुळे त्याला बारीक छपाई दिसत नसे. खुर्ची ओढून म्हणाला, "वाच." मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी वाचत गेलो, आणि चौथ्या पानावर आल्यावर, जो परिच्छेद तिथे नव्हता तो पाठ असल्याने सबंध म्हणून दाखवला. तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. शेवटी उठला आणि माझ्यासमोर कमरेत वाकला.

दोस्ताच्या बहिणीला अंक पाठवताना सोबत त्याने चिठ्ठी ठेवली: जे मला सांगता आलं नाही, ते आत आहे. पाकिटावर पत्ता मीच लिहिला.

महिन्याभराने तिचं उत्तर आलं. अक्षर मोठं होतं; भिंग लावून त्याने मला अर्थ सांगितला. फोटो चांगला आहे. तुम्ही थकलात. कारखान्याच्या संघाची आठवण ठेवलीत, आभार. तब्येत सांभाळा.

"भावाबद्दल?" मी विचारलं. मला माहीत असूनही विचारलं.

"एक अक्षर नाही." त्याने पत्राची नीट घडी घातली. "वाचूनही काही न बोलणं, हेच तिचं उत्तर. बरोबर आहे तिचं."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "चहा घेणार?"

त्यानंतर त्याचा शुक्रवार बंद झाला. कामगार विचारायचे, "चाचा नहीं आए?" मी सांगायचो, बिझी आहेत. पुढे तो मायदेशी गेला. वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधीच तो वारल्याचा मेल ऑफिसात आला. साहेबांनी शोकसंदेश लिहायला मलाच सांगितलं. मी लिहिला.

बहिणीला तो परिच्छेद पाठवायला मला आणखी दोन वर्षं लागली. उत्तर नातीचं आलं, इंग्रजीत. आजी गेल्या वर्षीच वारली. त्या चिठ्ठीतलं 'आत आहे' म्हणजे काय, ते तिला कळलं नव्हतं. विचारायचा संकोच वाटला. आपल्याकडूनच काही निसटलं असेल म्हणून तिने तो लेख नातीकडून तीनदा वाचून घेतला होता.