टायरला आलेली धार

लढाईच्या दिवसांत नवरा घरात ठेवायचा असेल तर आधी मोटारीचे टायर सांभाळावे लागतात, हे मला लग्न ठरवताना कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे आणि स्वतःची मोटार आहे. दोन्ही खरं होतं. त्या मोटारीपुढे बायको दुसरी, हेही सांगायला हवं होतं.

माझं सासर मुरबाडच्या अलीकडचं. ह्यांची एक सर्व्हिस मोटार होती. धसईच्या बाजारातून माणसं, भाताच्या गोणी आणि कोंबड्यांच्या पाट्या भरून ती मुरबाडला यायची आणि पुढे कल्याणला जायची. पेट्रोल कुपनावर मिळू लागलं तेव्हा ह्यांनी गाडीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडली आणि तिच्या गॅसवर गाडी रेटली. चढ आला की उतारू निमूट खाली उतरून ढकलायचे. टायरला मात्र असा काही इलाज नव्हता. बाहेरून रबर यायचं बंद झालं होतं. ठाण्याला खेटे घालून घालून ह्यांनी पुढच्या चाकांसाठी दोन नवे टायर परवान्यावर मिळवले, तेव्हा तिथल्या कारकुनाने बजावलं होतं की आता पुन्हा इकडे फिरकू नका.

सासूबाईंनी त्या टायरांना हळदकुंकू लावलं. मी तोंडाला पदर लावून हसले. पण भातं कापून झाली तोवर टायरांच्या आतल्या कडा झिजायला लागल्या आणि माझं हसू आटलं. बाहेरून बघावं तर टायर नवेकोरे. गाडीखाली वाकून बघावं तर आतल्या बाजूला टक्कल पडत चाललेलं. हे रस्त्याला शिव्या द्यायचे. सासूबाईंच्या मते कोणाची तरी दृष्ट लागली होती. त्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन चाकांवरून ओवाळल्या.

त्याच सुमाराला गावातल्या दोघा तरुणांनी मिलिटरीच्या लॉऱ्या चालवायला जायचं ठरवलं. टायर गेले तर तिसरा मी, असा शब्द ह्यांनी त्यांना देऊन टाकला होता. मला तो विहिरीवर, शेजारणीकडून कळला. मी भरलेला हंडा तिथेच ठेवून घरी आले आणि असं भांडले की सासरे उठून खळ्यावर निघून गेले. माझं माहेर शहापूरचं, आग्रा रोडला लागून. नाशिककडे जाणाऱ्या लॉऱ्यांच्या रांगाच्या रांगा मी तिथे पाहिल्या होत्या. धुळीने सगळ्या ड्रायव्हरांचे चेहरे सारखेच दिसायचे. त्या चेहऱ्यांत ह्यांचा चेहरा मला ओळखू येणार नाही, अशी भीती माझ्या मनात बसली होती. हे मी त्या दिवशी भांडताना बोलले नाही. भलतंसलतंच बोलले.

हे एवढंच म्हणाले की गाडी उभी राहिली तर घरात बसून काय करू? भातशेती सासरे आणि दीर सांभाळत होते. ह्यांच्या हाताला गाडीशिवाय दुसरं काही जमत नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं.

भांडणानंतर अबोला चालू होता, तरी गाडी धुवायचं काम माझ्याकडेच होतं. पुढच्या चाकाचा चिखल मी तळहाताने पुसत होते. हात आतून बाहेर नेला तेव्हा रबर गुळगुळीत लागलं. बाहेरून आत आणला तर तळव्याला करकरीत धार लागली. भाताच्या पानावरून उलटा हात फिरवला की लागते तशी. दुसऱ्या चाकालाही तेच. मी अबोला विसरून ह्यांना हाक मारली.

ह्यांनी हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि गाडीखाली डोकं घालून पाहिलं.

"चाकं फाकलीत गो," हे म्हणाले. "रस्त्यावरनं सरळ धावत नाय, घासत चाललीत."

मग मला उलगडून सांगितलं. पावसाळ्यात ओढ्यातल्या सागाच्या खुंटाला आपटून पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा वाकला होता. लोहाराने तो ठोकून सरळ केला, पण पुरता झाला नव्हता. वाकलेला दांडा तेवढ्याने आखूड पडतो. तो असतो चाकांच्या मागच्या अंगाला, म्हणून चाकं मागून जवळ ओढली जातात आणि पुढून फाकतात. गाडी जोडताना ह्यांनी एक डोळा मिटून चाकं पाहिली होती आणि बरोबर आहेत म्हणून ठरवलं होतं. बांधावर उभं राहून, दोरी न लावता, रांग सरळ की वाकडी ते सांगणारा माणूस, ह्यांचा आपल्या डोळ्यावर फार विश्वास. "आता डोळा पुरे, मापून बघा," एवढंच मी म्हणाले. माझ्या स्वभावाच्या मानाने ते फारच कमी झालं.

मोजायला हत्यार नव्हतं. ह्यांनी एक पोकळ बांबू घेतला आणि त्यात सरकेल अशी बारीक काठी घातली, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येईल. मी घरातल्या धान्य मापायच्या दोन पायल्या आणून उपड्या ठेवल्या, म्हणजे बांबू पुढे आणि मागे सारख्याच उंचीवर राहील. चाकं उचलून फिरवली आणि फिरत्या टायरावर मी चुन्याचा खडा धरून रेघ ओढली. मग गाडी खाली टेकवली, चाकं नीट बसावीत म्हणून थोडी पुढे-मागे ढकलली आणि रेघेपासून रेघेपर्यंत अंतर घेतलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा चांगलं बोटभर जास्त निघालं. असायला हवं उलटं. पुढून चाकं किंचित आत वळलेली हवीत, अगदी तांदळाच्या दाण्याएवढी. दांड्याच्या टोकाचे आटे गंजून बसले होते. गोडं तेल सोडून, ठोकून, कधी देवाचं नाव घेऊन तर कधी दुसरंच काही बोलून ते सुटले. दांडा थोडा फिरवून लांबवायचा, मोजायचं, पुन्हा फिरवायचं. दिवस मावळायला माप जमलं.

आता धार जाते की नाही ते गाडी चालवल्यावरच कळणार होतं. पुढचे काही बाजार हे चाकांना हात न लावताच गाडी घेऊन गेले. मीही लावला नाही. मला धीरच झाला नाही.

ते दोघे तरुण निघायचे त्या सकाळी कोळसा पेटवून गाडी दारात उभी होती. दोघांच्या आया रडत होत्या. ह्यांचीही पिशवी भरलेली होती. हे चाकाजवळ गेले, वाकले आणि हात न लावताच माझ्याकडे वळले.

"तू बघ. माजा हात आज खोटा बोलंल."

माझा हात खरा बोलेल असं ह्यांना वाटलं, याचंच मला नवल. मी बसले. हात आतून बाहेर नेला, बाहेरून आत आणला. दुसऱ्या चाकाकडे गेले. मनाला हवं आहे म्हणून तसं वाटतंय का, या शंकेने डोळे मिटून पुन्हा फिरवला. दोन्हीकडून गुळगुळीत.

"नाय धार," मी म्हणाले आणि मला रडू आलं.

ह्यांनी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. मग गाडीत बसलेल्या त्या दोघांना सांगितलं की मी कल्याणपर्यंतच येतोय, तुमाला पोचवायला. दोघांपैकी एकजण म्हणाला, दादा, आमी परत येऊ तवाबी तुमीच न्यायला या. हे हो म्हणाले, आणि स्टिअरिंगवर बसले.